रेडिओग्राम : काचेवर छापलेला कालखंड

रेडिओ आणि तबकडी वाजवणारे यंत्र एकाच लाकडी पेटीत बसवलेला जुना रेडिओग्राम समोर आला, की संग्राहकाची नजर आधी लाकडाच्या झिलईवर जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र प्रथम डायलची काच वाचावी. का, ते या थ्रेडमध्ये पाहू.

ब्रिटिश संच घ्या. काचेवर 'नॅशनल' आणि 'रीजनल' असेल, तर तो बहुधा महायुद्धापूर्वीचा. सप्टेंबर १९३९ मध्ये बीबीसीने या दोन्ही सेवा मिटवून एकच 'होम सर्व्हिस' सुरू केली. 'लाइट' अवतरली जुलै १९४५ मध्ये, 'थर्ड' सप्टेंबर १९४६ मध्ये. म्हणजे पावती हरवली, तरी पेटी आपले वय सांगते.

पुढची गंमत अधिक मोठी. १९४८ च्या कोपनहेगन परिषदेत युरोपातील केंद्रांना ध्वनिलहरी नव्हे, रेडिओलहरी (हा घोळ फार होतो!) नव्याने वाटून दिल्या गेल्या. मार्च १९५० मध्ये ती वाटणी अमलात आली आणि घरोघरच्या काचांवरील कित्येक खुणा एका रात्रीत खोट्या ठरल्या.

पेटीच्या दुसऱ्या कप्प्याचे नाते भारताशी आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या, आणि लाखेचा मोठा पुरवठा छोटा नागपूरच्या पळस-कुसुमावरील कीटकांकडून. युद्धामुळे हा पुरवठा अडचणीत येताच १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठीच्या लाखेच्या वापरात ७० टक्के कपात केली.

आता दुरुस्ती. असा संच आणल्याबरोबर विजेला जोडू नये. आतील कागदी कपॅसिटर जुने झाले की त्यांतून वीज झिरपते; व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर जळू शकतात. ते बदलावेच लागतात. पण मग मूळ वस्तू उरली कुठे? काही कारागीर जुन्या कपॅसिटरचे कवच पोकळ करून नवा भाग आत दडवतात. मला ही पद्धत मान्य आहे, मात्र केलेला बदल कागदावर नोंदवून तो कागद पेटीतच ठेवावा. आतले सारे उपटून ब्लूटूथ स्पीकर बसवणे ही दुरुस्ती नव्हे. ते दस्तऐवज फाडून जिल्द जपणे झाले.

आणि काच ओल्या फडक्याने कधीही पुसू नका. अक्षरे मागच्या बाजूने रंगवलेली असतात. अनेकदा ती पाण्याच्या एका हाताबरोबर निघून जातात. मागची धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने झटकावी आणि त्याआधी छायाचित्र काढून ठेवावे.