मराठा खंदक आणि मोहन बागान : उत्तर कलकत्त्यांतील एका वस्तीचीं दोन नांवें

१

कलकत्ता शहराच्या उत्तर भागांत बागबाजार, श्यामबाजार, शोभाबाजार व कुमारटुली या जुन्या वस्त्या एकमेकींस लागून आहेत. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास हा भाग अगदींच परका नाहीं. बागबाजारांत ‘मराठा डिच लेन’, म्हणजे मराठा खंदकाची गल्ली, या नांवाची एक गल्ली आहे. आणि तेथून फारशी दूर नाहीं अशी ‘मोहन बागान लेन’ नांवाची दुसरी गल्ली आहे. पहिल्या गल्लींत आज खंदक नाहीं व दुसरींत बाग नाहीं. पहिलें नांव मराठ्यांच्या स्वारीच्या भीतीनें पडलें. दुसरें नांव फुटबॉल खेळणाऱ्या मंडळीनें हिंदुस्थानभर नेलें. ज्या वस्तूंवरून हीं नांवें पडलीं त्या वस्तू नष्ट झाल्या, नांवें मात्र टिकलीं. हें कसें घडलें व त्यावरून स्थलनामांच्या अभ्यासकास काय बोध घेतां येतो, एवढेंच प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे. फुटबॉलसारखा विषय इतिहासाच्या त्रैमासिकांत कशाला, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर लेखाच्या ओघांतच मिळेल अशी आम्हांस आशा आहे.

२

प्रथम खंदकाचा वृत्तांत पाहूं. नागपूरकर रघूजी भोसले यांचे सरदार भास्कर राम कोल्हटकर इ. स. १७४२ मध्यें बंगाल्यांत उतरले व त्यांच्या फौजा हुगळीपर्यंत पोहोंचल्या. कलकत्त्यांतील देशी रहिवाशांची त्यामुळें गाळण उडाली. गांवाभोंवतीं खंदक खणण्याची परवानगी त्यांनींच कंपनीकडे मागितली व खर्चहि आपण सोसूं असें सांगितलें. पुढें कंपनीनें या कामीं प्रमुख व्यापाऱ्यांच्या जामिनकीवर २५,००० रुपये कर्जाऊ दिले. खंदक सुमारें सात मैल खणावा असा बेत होता. उत्तरेस बागबाजारापासून आरंभ होऊन सुमारें तीन मैल काम झालें. इतक्यांत धोका ओसरला व काम तसेंच राहिलें. भास्कर रामांस अलिवर्दीखानानें १७४४ सालीं भेटीच्या निमित्तानें बोलावून ठार केलें. आणि १७५१ च्या तहानें सालीना बारा लक्ष रुपये चौथाई ठरून हा झगडा मिटला. मराठे कलकत्त्यास आलेच नाहींत.

येथें एक चमत्कार ध्यानांत घेण्यासारखा आहे. ज्या शत्रूसाठीं खंदक खणला तो शत्रु खंदकापर्यंत कधीं आला नाहीं. आणि १७५६ सालीं जो आला, त्या सिराजउद्दौल्यास खंदकानें अडविलें नाहीं. त्याच्या सैन्यास बागबाजारच्या बुरुजापाशीं उत्तरेकडून वाट मिळाली नाहीं, तेव्हां तें पूर्वेच्या बाजूनें शहरांत शिरलें, व नबाबाचा मुक्काम खंदकाच्या आंत असलेल्या अमीरचंदाच्या बागेंत पडला. पुढें १७९९ च्या सुमारास खंदकाचा बराच भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधण्यांत आला. त्याचा उत्तरेकडील भाग आज आचार्य प्रफुल्लचंद्र रोड या नांवानें ओळखला जातो. तथापि खंदकाची आठवण एका टोपणनांवांत उरली. इंग्रज लोक आपसांत थट्टेनें मुंबईच्या इंग्रजास ‘डक’, मद्रासच्या इंग्रजास ‘मल’ व कलकत्त्याच्या इंग्रजास ‘डिचर’, म्हणजे खंदकवाला, असें म्हणत.

आपल्याकडे या स्वाऱ्यांचा विचार बहुधा चौथाईच्या हिशेबानें होतो. बंगाल्याच्या स्मरणांत मात्र त्या निराळ्याच रूपानें राहिल्या आहेत. आपला ‘बारगीर’ तिकडे ‘बर्गी’ झाला व मुलांस निजवितांना म्हणावयाच्या गाण्यांत भयाचें प्रतीक म्हणून जाऊन बसला. गंगाराम नांवाच्या कवीनें ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली काव्यांत बर्गींच्या जुलमाचें वर्णन त्याच काळांत करून ठेविलें आहे. बागबाजाराशीं संबंध असलेली आणखी एक दंतकथा अशी कीं, विष्णुपूरवर मराठे चालून आले असतां तेथील मदनमोहन देवानें स्वतः ‘दलमादल’ तोफ डागून त्यांस परतविलें. हीच मूर्ति पुढें विष्णुपूरच्या राजानें अडचणींत बागबाजारच्या गोकुळ मित्र यांजकडे गहाण ठेविली असें सांगतात. तात्पर्य, या वस्तींत मराठ्यांचें नांव राहिलें तें पराक्रमाचें स्मारक म्हणून नव्हे, तर भयाचें चिन्ह म्हणून. हें वाचून मराठी वाचकास संकोच वाटेल. पण संकोच वाटतो म्हणून पुरावा बाजूस सारणें हें संशोधकाचें काम नव्हे.

३

खंदक निरुपयोगी ठरल्यावर कंपनीनें प्लासीच्या लढाईनंतर दक्षिणेस नवा फोर्ट विल्यम किल्ला बांधावयास घेतला. किल्ल्यासाठीं व त्याच्या तोफांपुढें मोकळी जागा असावी म्हणून गोविंदपूर हें जुनें गांव उठविण्यांत आलें. तेथील अनेक घराणीं उत्तरेकडे येऊन राहिलीं. मोकळी झालेली जागा तीच आजची कलकत्त्याची ‘मैदान’ नांवाची विस्तीर्ण भूमि होय. शोभाबाजार, बागबाजार, श्यामबाजार या भागांत पुढें ज्या धनिकांचे वाडे उठले, त्यांत गोविंदपुराहून आलेल्या कुळांचाहि भरणा होता.

या वाड्यांबरोबर बागा आल्या. उत्तर कलकत्त्याचीं नांवें पाहिलीं तर त्यांत ‘बागान’ म्हणजे बाग, ‘पुकुर’ म्हणजे तळें, ‘बाजार’ व ‘टुली’ म्हणजे एकाच धंद्याच्या लोकांची वस्ती, हे शब्द पुनःपुन्हां आढळतात. हालसीबागान, जोडाबागान, फडियापुकुर, श्यामपुकुर, कुमारटुली हीं त्यांचीं उदाहरणें. यांपैकीं फडियापुकुरच्या रस्त्यावर कीर्तिचंद्र मित्र या गृहस्थांचा बागेसह एक मोठा वाडा होता. त्याचें नांव ‘मोहन बागान व्हिला’. लगतची मोकळी जागा त्यांनीं पाड्यांतील तरुणांस खेळावयास दिली. बंगाल्यांत ‘पाडा’ म्हणजे शहरांतील आळी. आपल्याकडील वाडीपाड्यांतला पाडा तो नव्हे.

४

या भागांतील मित्र, बसु व सेन या घराण्यांच्या पुढाकारानें १५ ऑगस्ट १८८९ रोजीं १४, बलराम घोष स्ट्रीट येथें भूपेंद्रनाथ बसु यांच्या घरीं बैठक भरली व क्लबाची स्थापना झाली. भूपेंद्रनाथ हे पहिले अध्यक्ष. ते पुढें १९१४ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पहिले चिटणीस यतींद्रनाथ बसु. आरंभीं नांव ‘मोहन बागान स्पोर्टिंग क्लब’ असें होतें. प्रेसिडेन्सी कॉलेजांतील प्रोफेसर रो हे पहिल्या वार्षिक समारंभास आले असतां त्यांनीं विचारलें कीं, येथें नेमबाजी किंवा गळानें मासे धरणें असे कांहीं प्रकार चालतात काय? नाहीं असें उत्तर मिळतांच त्यांनीं ‘स्पोर्टिंग’ हा शब्द काढून ‘ॲथलेटिक’ हा घालण्याची सूचना केली व ती मान्य झाली. येथें स्थलनामाच्या अभ्यासकानें सावध असावें. त्याच भागांत ‘मोहन बागान रो’ नांवाचा रस्ता आहे. परंतु त्यांतील ‘रो’ हा घरांच्या ओळीचा वाचक इंग्रजी शब्द असून प्रोफेसर रो यांच्याशीं त्याचा संबंध नाहीं. याच रस्त्यावर २५/२ या ठिकाणीं सजनीकांत दास यांचें शनिरंजन मुद्रणालय होतें व वंगीय साहित्य परिषदेचीं अनेक पुस्तकें तेथें छापलीं गेलीं. बंगाली ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर अभ्यासकास ‘मोहन बागान’ हीं अक्षरें आढळतात तीं यामुळें.

क्लब ज्या बागेंत जन्मला त्या बागेंत तो फार दिवस राहिला नाहीं. कांहीं वर्षांतच तो श्यामपुकुरास, पुढें श्याम स्क्वेअरवर व शेवटीं मैदानावर गेला. वाडा पडला, बाग गेली, जमिनीवर घरें झालीं. म्हणजे क्लबाच्या कीर्तीचा काळ सुरू झाला तेव्हां त्याचें नांव ज्या जागेचें होतें ती जागाच त्याच्यापाशीं उरली नव्हती. गोविंदपूर उठून लोक उत्तरेस आले होते. दीडशें वर्षांनीं उत्तरेकडील मुलें गोविंदपुराच्याच भूमीवर, किल्ल्याच्या छायेंत, गोऱ्या पलटणींशीं खेळावयास उतरलीं.

५

हिंदी संघांनीं गोऱ्या संघांस हरविण्याचा आरंभ मोहन बागाननें केला असें पुष्कळांस वाटतें. तें बरोबर नाहीं. शेजारच्या शोभाबाजार क्लबानें १८९२ सालीं ट्रेड्स चषकाच्या सामन्यांत ईस्ट सरे पलटणीचा पराभव केला होता. मोहन बागाननें १९०६ ते १९०८ अशीं तीन वर्षें लागोपाठ ट्रेड्स चषक जिंकला. यावरून १९११ चा विजय हा आकस्मिक नसून वीस वर्षांच्या तयारीचें फळ होतें, असें म्हणणें प्राप्त आहे.

२९ जुलै १९११ रोजीं आय्. एफ्. ए. शील्डच्या अंतिम सामन्यांत ईस्ट यॉर्कशायर पलटणीनें प्रथम गोल केला. त्यानंतर शिवदास भादुडी व अभिलाष घोष यांनीं एकेक गोल करून मोहन बागानास २–१ असा विजय मिळवून दिला. अकरांपैकीं दहा खेळाडू अनवाणी होते. एकट्या सुधीर चटर्जींच्या पायांत बूट होते. गर्दीमुळें ज्यांस मैदान दिसत नव्हतें त्यांस पतंग उडवून गोलांची खबर देत असत, असें सांगतात. या अकरांतील कित्येक पूर्व बंगाल्यांतील घराण्यांतले होते. त्या वेळीं बंगाल दोन प्रांतांत विभागलेला होता, ही गोष्ट लक्षांत घेतली म्हणजे उत्तर कलकत्त्यांतील एका बागेचें नांव अवघ्या बंगालचें कसें झालें याचा उलगडा होतो.

या विजयाभोंवतीं दंतकथा जमल्या आहेत. त्याच वर्षीं १२ डिसेंबरच्या दिल्ली दरबारांत वंगभंग रद्द झाला व राजधानी दिल्लीस नेण्याचें जाहीर झालें. त्यावरून कांहीं जण फुटबॉलमुळें राजधानी हलली असें अर्धवट थट्टेनें म्हणतात. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टी कार्यकारणानें जोडलेल्या असतातच असें नाहीं. दुसरी कथा अशी कीं, सामना संपल्यावर एका वृद्धानें किल्ल्यावरील निशाणाकडे बोट करून तें कधीं उतरेल असें विचारलें, व पुन्हां शील्ड जिंकूं तेव्हां, असें उत्तर त्यास मिळालें. मोहन बागाननें दुसऱ्यांदा शील्ड जिंकली ती १९४७ सालीं, हें खरें. क्लबाचा स्थापनादिन १५ ऑगस्ट आहे, हेंहि खरें. परंतु मधल्या काळांत, १९३६ सालीं, महामेडन स्पोर्टिंग या दुसऱ्या हिंदी संघानें हीच शील्ड नेली होती, तेव्हां निशाण उतरलें नाहीं. घटना घडून गेल्यावर भविष्य तिच्या मापानें बेतलें जातें, याचें हें नमुनेदार उदाहरण होय. मात्र दंतकथा खोटी ठरली म्हणून ती टाकून देऊं नये. काय घडलें हें ती सांगत नाहीं. पण लोकांस काय घडावेंसें वाटत होतें, हें ती निश्चित सांगते.

६

क्लबाचा महाराष्ट्राशीं संबंध मुंबईच्या रोव्हर्स चषकामुळें आला. १९२३ सालीं मोहन बागाननें त्याच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीपुढें त्याची हार झाली. चषक हातीं आला तो १९५५ सालीं. बर्गींच्या मुलुखांत बंगाली संघ आला व येथील लोकांनीं त्याचा खेळ कौतुकानें पाहिला, हा कालाचा महिमा.

नांवाविषयींची आस्था किती खोल जाते हें अलीकडच्या एका प्रकरणावरून कळून येतें. २०२० सालीं क्लबाच्या फुटबॉल संघाची एका व्यापारी संघाशीं जोड होऊन ‘एटीके मोहन बागान’ असें नांव पडलें. जिंकणें, हरणें सोडून चाहत्यांनीं त्या तीन अक्षरांविरुद्ध तक्रार चालविली. मार्च २०२३ मध्यें गोव्यांत मडगांवनजीक फातोर्ड्यास इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना जिंकल्यावर तीं अक्षरें काढून टाकण्याचें जाहीर झालें व संघ ‘मोहन बागान सुपर जायंट’ झाला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं नष्ट झालेल्या एका वाड्याच्या नांवासाठीं हा सारा आग्रह होता.

फडियापुकुरच्या रस्त्यास आतां शिवदास भादुडी यांचें नांव दिलेलें आहे. म्हणजे बागेनें क्लबास नांव दिलें, व क्लबानें आपल्या कर्णधाराचें नांव बागेच्या रस्त्यास परत दिलें. मराठा खंदकाच्या नशिबीं असें कांहीं आलें नाहीं. भयानें पडलेलें नांव एका गल्लीपुरतें आकुंचित झालें. आपलेपणानें धारण केलेलें नांव जागा सोडूनहि वाढत गेलें. दोनहि कामें या वस्तीच्या लोकांनीं आपण होऊन व आपल्या खर्चानें आरंभिलीं होतीं. पहिलें बाहेरच्यास अडविण्यासाठीं, दुसरें बाहेरच्याशीं बरोबरीनें भिडण्यासाठीं. म्हणून आम्हांस असें वाटतें कीं, पुणें, कोल्हापूर, नागपूर येथील पेठांचा इतिहास लिहूं इच्छिणाऱ्यांनीं सनदा व महजर यांच्याबरोबरच तेथील तालमी, आखाडे व खेळाचे संघ यांचींहि दप्तरें, नांवें व सांगोवांगीच्या गोष्टी जमा कराव्या. वाडे पडतात, खंदक बुजतात. त्यांचा ठावठिकाणा पुष्कळदां अशा नांवांतच उरलेला असतो.