परम : नकारातून उभे राहिलेले सामाईक यंत्र

२ ऑगस्ट १९९० ही तारीख आपल्या मंडळातल्या जुन्या मंडळींना वेगळी सांगायला नको. इराकी रणगाडे कुवेत शहरात शिरले आणि पुढच्या काही आठवड्यांत हजारो भारतीय कुटुंबे बगदादमार्गे अम्मानला व तेथून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला पोहोचली. आम्ही त्यांतलेच. मी पुण्यात थोरल्या भावाकडे आश्रयाला होतो. फेब्रुवारी १९९१ मध्ये कुवेत मुक्त झाले, पण परतीचा व्हिसा हाती नव्हता. दिवसभर वर्तमानपत्र चाळणे हाच उद्योग. त्याच वर्षी पुण्यात 'परम ८०००' हा भारतीय महासंगणक तयार झाल्याची बातमी वाचली. नोकरी गमावून बसलेल्या माणसाला त्या बातमीने किती धीर दिला, हे आज सांगितले तर हसू येईल.

या यंत्राचा जन्म एका नकारातून झाला. १९८० च्या दशकात भारताला संशोधनासाठी अमेरिकन 'क्रे' महासंगणक हवा होता. असे यंत्र अण्वस्त्रांच्या व क्षेपणास्त्रांच्या कामालाही वापरता येते, म्हणून अमेरिकेने अधिक ताकदीचे यंत्र द्यायला नकार दिला. हवामानाच्या अंदाजासाठी एक लहान क्रे दिल्लीला मिळाला, तोही वापरावर अटी घालून. म्हणजे यंत्र आपल्या घरात, पण त्यावर काय करायचे ते दुसऱ्याने ठरवायचे!

मग १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली. तिचे प्रमुख होते अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर. मुदत होती तीन वर्षांची. एकच अतिवेगवान प्रोसेसर बनवणे आपल्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून त्यांनी दुसरी वाट धरली. दिवाळीच्या फराळाची आठवण करा. एकटी बाई हजार चकल्या करायला बसली तर आठवडा जाईल. वीस जणी बसल्या, कोणी पीठ मळले, कोणी पाडल्या, कोणी तळल्या, की दुपारपर्यंत डबे भरतात. 'परम ८०००' मध्ये असेच 'ट्रान्सप्युटर' नावाचे अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडून काम वाटून दिले होते. खरी अडचणही फराळासारखीच! मळणारी मागे राहिली की तळणारी रिकामी बसते. म्हणून प्रोसेसर जोडण्याइतकेच त्यांच्यातला ताळमेळ राखणारे सॉफ्टवेअर लिहिणे महत्त्वाचे होते.

पुढे १९९८ मध्ये 'परम १००००' आला आणि पुण्यात राष्ट्रीय परम महासंगणन सुविधा सुरू झाली. मला या इतिहासातले हे वळण सर्वांत मोलाचे वाटते. यंत्र एका संस्थेच्या मालकीचे न राहता बाहेरच्या संशोधकांनाही वापरता येऊ लागले. उद्योगक्षेत्रही मागे नव्हते. २००७ मध्ये टाटा समूहाच्या पुण्यातील प्रयोगशाळेतला 'एका' जगाच्या यादीत चौथा आला. त्या कामाच्या प्रारंभी गणितज्ञ डॉ. नरेंद्र करमरकर होते.

सामाईक यंत्राची कल्पना युरोपात आधीच रुजली होती. हवामानाच्या अंदाजासाठी अनेक देशांनी मिळून १९७५ मध्ये एक केंद्र उभारले. ते इंग्लंडमध्ये रेडिंगला आहे आणि त्याचा महासंगणक २०२२ पासून इटलीत बोलोन्याला आहे. २०१० मध्ये 'प्रेस' ही संस्था निघाली आणि २०१८ मध्ये 'युरोएचपीसी'. रीत साधी आहे : खर्च सर्वांनी उचलायचा, संशोधकाने अर्ज करायचा आणि अर्जाचा वैज्ञानिक दर्जा पाहून यंत्राचा वेळ द्यायचा. लहान उद्योगांनाही दार उघडे. फिनलंडमधील कायानी गावी बंद पडलेल्या कागद कारखान्याच्या आवारात 'लुमी' नावाचे असे यंत्र आहे. ते अनेक देशांनी मिळून उभारले. श्रीमंत देशांनाही जे एकट्याने परवडत नाही, ते वर्गणीने जमते. मंडळ चालवणाऱ्या आपल्या लोकांना हे काय वेगळे सांगायचे?

भारताने २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर केले. त्यातून शिक्षणसंस्थांमध्ये यंत्रे बसवून ती राष्ट्रीय ज्ञानजालाने जोडली जात आहेत. पहिले 'परम शिवाय' २०१९ मध्ये वाराणसीत सुरू झाले. पुण्यात आयसर संस्थेत 'परम ब्रह्म' आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये नारायणगावजवळच्या खोडद येथील रेडिओ दुर्बिणीसाठी 'परम रुद्र' राष्ट्राला अर्पण झाला. आकाशातून क्षणभरच येणारे रेडिओ स्फोट शोधायला तो मदत करतो.

अर्थात यंत्रे लवकर म्हातारी होतात. 'परम ८०००' ची जी ताकद तेव्हा अपूर्व वाटली, तिच्याहून कितीतरी अधिक आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये असते. टिकते ते कौशल्य, आणि 'हे सर्वांचे आहे' ही रीत. आपली मुले बारावीनंतर पुण्या-मुंबईला शिकायला जातात. त्यांतल्या एखादीला पावसाचे किंवा औषधाच्या रेणूचे गणित सोडवायचे असेल, तर ती मार्गदर्शकांमार्फत अशा यंत्राचा वेळ मागू शकते. ज्याला एकेकाळी परदेशातून नकार आला, त्याच्यासाठी आता आपल्याच देशात अर्ज करायचा आणि रांगेत उभे राहायचे, एवढेच. १९९१ साली पुण्यात रिकामा बसून बातमी वाचणाऱ्या मला ही रांग फार मोठी श्रीमंती वाटते.