काश्मीर ग्रेट लेक्स पदभ्रमण
काश्मीर ग्रेट लेक्स पदभ्रमण हा जम्मू आणि काश्मीर केंद्रशासित प्रदेशाच्या गांदरबल जिल्ह्यातील उंच पर्वतीय सरोवरांना जोडणारा पायी मार्ग आहे. सोनमर्गजवळ सुरू होऊन तो नारानाग येथे संपतो. सुमारे ७० किलोमीटरचे हे अंतर सामान्यतः सहा ते सात दिवसांत चालून पूर्ण केले जाते. विशनसर, कृष्णसर, गडसर, सतसर, गंगाबल आणि नुंदकोल ही या मार्गावरील प्रमुख सरोवरे होत. मार्गातील सर्वोच्च स्थान गडसर खिंड हे असून त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० मीटर आहे.

'काश्मीर ग्रेट लेक्स' हे नाव अलीकडच्या पर्यटन व्यवसायात रूढ झाले आहे. वाटा मात्र जुन्या आहेत. मेंढपाळ आणि यात्रेकरू त्यांचा वापर फार पूर्वीपासून करीत आले आहेत.

नावांची व्युत्पत्ती
सरोवरांच्या नावांतील 'सर' हा शब्द संस्कृत 'सरस्' या शब्दापासून आला आहे. विशनसर म्हणजे विष्णूचे, तर कृष्णसर म्हणजे कृष्णाचे सरोवर. सतसर म्हणजे सात सरोवरांचा समूह. गडसर या नावाचा मराठीतील 'गड' या शब्दाशी संबंध नाही. काश्मिरीत 'गाड' म्हणजे मासा, त्यामुळे गडसर म्हणजे माशांचे सरोवर. 'नाग' या शब्दाचा काश्मिरीतील एक अर्थ पाण्याचा झरा असा आहे. नारानाग, वेरीनाग, अनंतनाग अशा स्थळनामांत तो आढळतो.

भूगोल
ही सर्व सरोवरे हिमनद्यांच्या कार्यातून निर्माण झाली आहेत. हिमनदी डोंगराच्या कुशीत खोल खळगा कोरते आणि वाहून आणलेला दगडगोटा पुढे बांधासारखा टाकून ठेवते. भूगोलाच्या परिभाषेत अशा खळग्याला हिमगव्हर आणि त्या राशीला हिमोढ म्हणतात. बर्फ मागे हटल्यावर खळग्यात वितळलेले पाणी साठते. बर्फाखाली घासून झालेली खडकाची बारीक पूड पाण्यात तरंगत राहिल्यास सूर्यप्रकाशात सरोवराला निळसर हिरवी छटा येते.

प्रमुख सरोवरांची वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे आहेत :

• विशनसर : उंची सुमारे ३,७०० मीटर. किशनगंगा नदीचा उगम या सरोवरातून मानला जातो.
• कृष्णसर : विशनसरच्या किंचित वरच्या बाजूस. याचे पाणी विशनसरमध्ये उतरते.
• गडसर : उंची सुमारे ३,६०० मीटर. उन्हाळ्यात भोवतालच्या उतारांवर रानफुलांचा बहर असतो. याचे पाणीही किशनगंगेस मिळते.
• सतसर : लहान सरोवरांची मालिका. उन्हाळा सरत जाईल तशी यांतील काही सरोवरे आटतात.
• गंगाबल : उंची सुमारे ३,५७० मीटर. लांबी सुमारे अडीच किलोमीटर. मार्गावरील सर्वांत मोठे सरोवर.
• नुंदकोल : उंची सुमारे ३,५०० मीटर. गंगाबलचे पाणी यात येते आणि पुढे वांगथ नाल्यातून सिंध नदीस मिळते.

या मार्गाचे भौगोलिक महत्त्व त्याने ओलांडलेल्या जलविभाजकात आहे. सोनमर्ग सिंध नदीच्या खोऱ्यात आहे. (ही सिंध नदी झेलमची उपनदी असून सिंधू नदीहून वेगळी आहे.) निचनई खिंड ओलांडताच पदयात्री किशनगंगेच्या पाणलोट क्षेत्रात उतरतो आणि गंगाबलला पोहोचेपर्यंत पुन्हा सिंधच्या खोऱ्यात येतो. सिंध नदी श्रीनगरच्या वायव्येस शादीपूर येथे झेलमला मिळते. किशनगंगा गुरेझच्या खोऱ्यातून नियंत्रण रेषेपलीकडे जाते, तेथे तिला नीलम म्हणतात, आणि मुझफ्फराबादजवळ तीही झेलमलाच मिळते. एकाच डोंगररांगेच्या दोन बाजूंना उतरलेले पाणी अशा प्रकारे वेगवेगळ्या वाटांनी एकाच नदीत जाते.

मार्ग
प्रचलित टप्पे साधारणपणे असे आहेत :

१. सोनमर्ग ते निचनई : सोनमर्गजवळील शितकडी येथून (सुमारे २,७५० मीटर) चढ सुरू होतो. कुरणे आणि सूचिपर्णी वृक्षांचे वन मागे टाकून वाट भूर्जवृक्षांच्या पट्ट्यात येते. मुक्काम सुमारे ३,५०० मीटरवर असतो.
२. निचनई ते विशनसर : निचनई खिंड (सुमारे ४,१०० मीटर) ओलांडून विशनसरच्या कुरणात उतरण.
३. विशनसर ते गडसर : कृष्णसरवरून गडसर खिंडीचा तीव्र चढ. खिंडीतून विशनसर आणि कृष्णसर ही दोन्ही सरोवरे एकत्र दिसतात.
४. गडसर ते सतसर : तुलनेने सौम्य टप्पा. नियंत्रण रेषा फार दूर नसल्याने या भागात लष्कराकडून ओळखपत्रांची तपासणी होते.
५. सतसर ते गंगाबल : मोठमोठ्या शिळांच्या पट्ट्यातून चढून झाज खिंड ओलांडली जाते. खिंडीतून हरमुख शिखर, गंगाबल आणि नुंदकोल दिसतात.
६. गंगाबल ते नारानाग : सुमारे १,४०० मीटरची उतरण. नारानाग सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे.

ऋतुमान
जुलै ते सप्टेंबरचा मध्य हा पदभ्रमणाचा हंगाम होय. जूनअखेरपर्यंत खिंडींत बर्फ असू शकते आणि शरदाच्या उत्तरार्धात पुन्हा हिमवृष्टी होऊ लागते. पीर पंजाल रांगेच्या आडोशामुळे नैर्ऋत्य मोसमी पावसाचा जोर काश्मीर खोऱ्यात कमी असतो. त्यामुळे सह्याद्रीत मुसळधार पाऊस असतो त्याच आषाढ-श्रावणात येथे चालणे शक्य होते, आणि महाराष्ट्रातील गिर्यारोहकांना हा काळ सोयीचा ठरतो. तरीही पाऊस पडतोच. दुपारनंतर हवामान झपाट्याने पालटते व पावसाने ओढ्यांचे पाणी वाढल्यास ते ओलांडणे धोक्याचे ठरते. ऑगस्टमध्येही रात्री तापमान गोठणबिंदूच्या जवळपास उतरू शकते.

इतिहास आणि धार्मिक महत्त्व
गंगाबल आणि नुंदकोल यांच्या माथ्यावरील हरमुख (५,१४२ मीटर) हे शिखर शिवाचे निवासस्थान मानले जाते. त्याचे प्राचीन नाव हरमुकुट. नीलमतपुराणात आणि कल्हणाने बाराव्या शतकात लिहिलेल्या राजतरंगिणीत या परिसरातील तीर्थांचे उल्लेख आहेत. काश्मिरी पंडितांच्या परंपरेत गंगाबलला हरिद्वारच्या गंगेचे स्थान असून मृतांच्या अस्थी येथे विसर्जित केल्या जात. दीर्घकाळ खंडित झालेली भाद्रपदातील गंगाबल यात्रा २००९ मध्ये पुन्हा सुरू झाली.

नारानाग येथील पाषाणमंदिरांचे अवशेष आठव्या शतकातील राजा ललितादित्य मुक्तापीड याच्या काळाशी जोडले जातात. राजतरंगिणीचे इंग्रजी भाषांतर १९०० मध्ये प्रसिद्ध करणारे ऑरेल स्टाइन यांनी याच सिंध खोऱ्याच्या वरील मोहंद मर्ग या कुरणात तंबू ठोकून अनेक उन्हाळे अभ्यासात घालविले.

भारतीय सर्वेक्षणाच्या इतिहासातही हरमुखचे स्थान आहे. १८५६ मध्ये थॉमस माँटगोमेरी यांनी हरमुखवरील सर्वेक्षण स्थानकावरून दोनशेहून अधिक किलोमीटर दूरच्या काराकोरम रांगेतील दोन ठळक शिखरांची नोंद के-१ आणि के-२ अशी केली. के-१ हे माशेरब्रुम म्हणून ओळखले जाते. के-२ हे जगातील दुसऱ्या क्रमांकाचे उंच शिखर त्याच नोंदीच्या नावाने प्रसिद्ध झाले.

लोकजीवन आणि जीवसृष्टी
उन्हाळ्यात ही कुरणे गुज्जर आणि बकरवाल समाजांच्या वापरात असतात. शेळ्यामेंढ्या, घोडे आणि कुटुंबकबिला घेऊन ते जम्मूच्या सखल भागातून वर येतात आणि शरदात परततात. त्यांच्या उन्हाळी वस्तीला ढोक म्हणतात. १९९१ मध्ये या समाजांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. पदयात्रींचे सामान वाहणाऱ्या घोड्यांबरोबर बहुधा स्थानिक रहिवासीच असतात. हंगामातील हे उत्पन्न त्यांना महत्त्वाचे असते.

वृक्षरेषेवर आढळणाऱ्या भूर्जवृक्षाची साल म्हणजेच भूर्जपत्र. काश्मिरातील शारदा लिपीतील अनेक प्राचीन हस्तलिखिते भूर्जपत्रांवर आहेत. सरोवरांत आढळणारा ट्राउट मासा मूळचा येथील नव्हे; १९०० च्या सुमारास तो ब्रिटनमधून काश्मीरमध्ये आणण्यात आला. खडकाळ उतारांवर बिळे करून राहणारे मार्मोट सर्वत्र दिसतात.

उंचीचे आजार आणि सुरक्षितता
हा मार्ग मध्यम कठीण समजला जातो. मात्र त्यातील मुख्य धोका चढापेक्षा विरळ हवेचा आहे. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात साधारण ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, असा वैद्यकीय संकेत आहे. सोनमर्ग ते निचनई या पहिल्याच टप्प्यात ती सुमारे ७५० मीटरने वाढते. मुंबई-पुण्याहून विमानाने श्रीनगरला येऊन दुसऱ्या दिवशी चालू लागणाऱ्याच्या शरीराला जुळवून घेण्यास अवधी मिळत नाही. सोनमर्ग येथे एक-दोन रात्री अधिक काढणे यासाठी हिताचे ठरते.

डोकेदुखी, मळमळ, अन्नावरील वासना जाणे, असाधारण थकवा आणि झोप न लागणे ही पर्वतीय आजाराची सुरुवातीची लक्षणे होत. ती असताना अधिक उंचीवर जाऊ नये. विश्रांतीच्या वेळीही धाप लागणे हे फुफ्फुसांत, तर तोल जाणे किंवा बोलण्यात भ्रम जाणवणे हे मेंदूत सूज येत असल्याचे चिन्ह असू शकते. अशा वेळी विलंब न लावता खाली उतरणे हाच मुख्य उपाय आहे. औषधे आणि प्राणवायू त्यास साहाय्यक असतात.

या मार्गावर उतरण्याचा उपाय सर्वत्र सुलभ नाही. निचनईहून थेट सोनमर्गला उतरता येते. विशनसरहून मात्र मागे फिरण्यासाठी निचनई खिंड आणि पुढे जाण्यासाठी गडसर खिंड ओलांडावी लागते. म्हणजे सुखरूप बाहेर पडण्यासाठी आजारी व्यक्तीला आधी चार हजार मीटरच्या वर चढावे लागते. त्यामुळे प्रकृतीविषयीचा निर्णय निचनईच्या मुक्कामातच घेणे आवश्यक असते. बरोबरच्या मंडळींचा खोळंबा होईल या संकोचाने त्रास लपविणे येथे जिवावर बेतू शकते. मधल्या पट्ट्यात दूरध्वनी संपर्क भरवशाचा नसल्याने जाणत्या स्थानिक वाटाड्यासह चालणे इष्ट ठरते.

पर्यावरण
या उंचीवर वनस्पतींच्या वाढीस वर्षातील जेमतेम तीन-चार महिने मिळतात. कळपांचे चरणे, फुलांचा बहर, यात्रा आणि पदभ्रमण हे सारे त्याच काळात घडते. तुडवलेले कुरण भरून येण्यास वेळ लागतो आणि थंडीमुळे कचऱ्याचे विघटन अतिशय मंद होते. सरोवरांचे पाणी खालच्या गावांच्या पिण्यासाठी व शेतीसाठी वापरले जात असल्याने उगमाशी झालेले प्रदूषण नदीबरोबर खाली जाते. यासाठी तंबू काठापासून दूर लावणे, शौचासाठी पाण्यापासून लांब जागा निवडणे, भांडी व कपडे धुताना साबण सरोवरात न मिसळणे आणि स्वतःचा कचरा परत खाली आणणे हे नियम पाळण्याची अपेक्षा असते. प्रवेशाची परवानगी आणि मुक्कामाच्या जागांविषयीचे शासकीय नियम वेळोवेळी बदलतात. प्रस्थानापूर्वी त्यांची खात्री करून घ्यावी लागते.