आजार होणं वेगळं, सांधे बिघडणं वेगळं

पहिल्या वर्षी जर्नल क्लबमध्ये मी बिनधास्त सांगून टाकलं होतं, "डीआर४ जनुकामुळे रुमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये सांधे खराब होतात." गाइडनी एवढंच विचारलं, "आजार होतो म्हणायचंय, की झालेला आजार जास्त बिघडतो?" मला तर हे दोन प्रश्न आहेत हेच माहीत नव्हतं! मग जुने पेपर काढून बसलो.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, टेक्सासमध्ये, पीटर स्टॅस्नी यांच्यापासून. दोन अनोळखी माणसांच्या लिम्फोसाइट एकत्र वाढवल्या की एरवी त्या एकमेकींना परकं समजून भराभर वाढू लागतात. १९७६ मध्ये स्टॅस्नींना दिसलं की या आजाराच्या रुग्णांच्या पेशी एकमेकींसमोर बऱ्याच थंड राहतात. म्हणजे त्यांच्यात काहीतरी सारखं होतं. १९७८ मध्ये त्यांनी आकडे दिले: डीआर४ हा एचएलए प्रकार ७० टक्के रुग्णांत, आणि तुलनेसाठी घेतलेल्या लोकांत २८ टक्के.

हे आकडे भारी वाटतात, पण उरलेल्या ३० टक्के रुग्णांचं काय? शिवाय इस्रायलमधल्या ज्यू रुग्णांत संबंध दिसला तो डीआर४शी नाही, डीआर१शी. १९८७ मध्ये ग्रेगरसन, सिल्व्हर आणि विंचेस्टर यांनी हे कोडं बरंच सोडवलं. डीआर४ हे नुसतं लेबल होतं, त्याच्या पोटात अनेक उपप्रकार. आजाराशी जोडलेल्या उपप्रकारांत आणि डीआर१ मध्येही, डीआर-बीटा साखळीच्या ७० ते ७४ या जागांवर अमिनो आम्लांचा जवळपास सारखाच क्रम होता. ज्यू लोकांत जास्त आढळणाऱ्या डीआर४च्या उपप्रकारात तो नव्हता. हाच तो 'शेअर्ड एपिटोप'.

इथवर प्रश्न फक्त 'आजार कुणाला होतो' एवढाच. १९९२ मध्ये वेयंड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा जनुकाच्या दोन प्रती असतील तर त्वचेखालच्या गाठी आणि इतर अवयवांचा त्रास जास्त. पण रुग्ण सगळे सीरोपॉझिटिव्ह, आणि तेही मेयो क्लिनिकचे. एवढ्या मोठ्या रुग्णालयात मुळात जास्त आजारी माणसंच पोचतात. सौम्य आजारवाला गावातल्या डॉक्टरकडून गोळ्या घेऊन घरी बसतो, तो आपल्या डेटात येतच नाही. (स्वतःचा प्रोजेक्ट आखताना हे मी दोनदा विसरलो.)

त्यात अँटीबॉडीचा गुंता. सिट्रुलिन असलेल्या प्रथिनांविरुद्धच्या अँटीबॉडी १९९८ च्या सुमारास पुढे आल्या, आणि २००६ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने मांडलं की शेअर्ड एपिटोपचा संबंध मुख्यतः या अँटीबॉडींशी आहे, थेट आजाराशी नाही. अँटीबॉडी असलेल्यांचे सांधे जास्त झिजतात हे माहीत होतंच. मग जनुक हानी करतं, की फक्त अँटीबॉडीचं दार उघडून देतं?

२०१२ मध्ये रायचौधुरी आणि सहकाऱ्यांनी याच साखळीत ११, ७१ आणि ७४ या जागांवर बोट ठेवलं. यातली ११ वी जागा जुन्या शेअर्ड एपिटोपच्या बाहेरची, पेप्टाइड धरणाऱ्या खाचेच्या तळाशी! २०१५ मध्ये व्हियात आणि सहकाऱ्यांनी तीच इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या नोंदवहीत तपासली. तिथे सूजलेल्या सांध्यांचे रुग्ण गावोगावच्या डॉक्टरांकडून नोंदवले जातात, त्यामुळे सौम्य आजारवालेही सापडतात. १६९१ रुग्ण, २८११ एक्स-रे. ११ व्या जागी व्हॅलिन असणाऱ्यांत हाडांवर इरोजन असण्याची ऑड्स सुमारे १.७५ पट निघाली.

गंमत म्हणजे, आजार होण्याच्या धोक्यानुसार हॅप्लोटाइपची जी उतरंड होती, तीच हानीसाठीही निघाली. म्हणजे माझं जर्नल क्लबमधलं वाक्य तसं फार चुकलेलं नव्हतं. फक्त ते म्हणायला तेव्हा माझ्याकडे कसलाच आधार नव्हता, आणि गाइडना ते माहीत होतं.