प्राथमिक शाळा आणि धर्मशिक्षण

शाळेत मुलांना धर्म का शिकवीत नाहीत, हा प्रश्न आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरोघरी निघतो. त्याचे उत्तर इतिहासात आहे. म्हणून तो येथे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

इ. स. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्याने सरकारी शाळांतील शिक्षण केवळ लौकिक असावे, असे ठरविले. बायबल ग्रंथालयात ठेवीत. वर्गात मात्र त्यास स्थान नव्हते. हाच विचार १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमात स्थिरावला. सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण वर्ज्य ठरले. अनुदानित शाळेत ते देता येते, परंतु पालकांच्या संमतीवाचून अज्ञान मुलास त्यास बसविता येत नाही.

पुढे १९५९ साली मुंबई राज्याचे राज्यपाल श्रीप्रकाश यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. लहान मुलांना सर्व धर्मांतील साधुसंतांची चरित्रे गोष्टीरूपाने सांगावीत, असे तिने सुचविले. धर्मांची ओळख करून देणे म्हणजे धर्मशिक्षण नव्हे, हा भेद २००२ साली सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केला.

यावरून आम्हांस वाटते की, देवघरातील संस्कार हे घराचेच कर्तव्य होय. ते शाळेवर सोपवून मोकळे होता येणार नाही. ज्ञातिसंस्थांनी चालविलेल्या शाळांतही अन्य धर्मांची मुले एकाच बाकावर बसतात. आपल्या मुलासाठी आपण जो संमतीचा हक्क मागू, तोच त्यांच्या पालकांनाही मनःपूर्वक दिला पाहिजे. आपल्या संस्थाचालकांनी व पालकांनी याचा अवश्य विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.