जोडविषयाची जुनी वाट: अणदूर परिसर आणि कलाशिक्षण

तुळजापूर तालुक्यातील अणदूर हे खंडोबाचे महत्त्वाचे ठाणे असून येथील परंपरेचे वेगळेपण असे की देवाची मूर्ती एकच आहे, मंदिरे मात्र दोन आहेत. मूर्ती सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गाजवळील मैलारपुरात असते, आणि मूर्ती हलविताना दोन्ही ठिकाणचे मानकरी तसा लेखी करार करतात.

या दैवताभोवती वाढलेले जागरण, म्हणजे कुलाचार म्हणून रात्रभर चालणारे विधिनाट्य, हे गायन, वादन, नृत्य, कथन आणि पूजाविधी यांचे एकत्रित रूप होय. त्यातील वाघ्या, म्हणजे खंडोबाचा उपासक, गळ्यातील भंडाऱ्याची पिशवी सांभाळत दिमडी वाजवतो, साथीदार तुणतुण्याची तार छेडतो, मुरळी हातातील घोळ, म्हणजे लहान घंटांचा जुडगा, नाचवते आणि कथेच्या ओघात गद्य निवेदनाचे गाणे होते. ही विद्या ऐकून, साथ करून आणि चुका सुधारून शिकली जाई, आणि शिकणाऱ्यांपैकी अनेकांचा मुख्य व्यवसाय शेती किंवा मजुरी असल्याने कला हा जोडविषयच होता. या व्यवस्थेला काळी बाजूही होती, कारण मुलींना मुरळी म्हणून देवाला वाहण्यात त्यांची इच्छा विचारली जात नसे. मुंबई प्रांताने 1934 मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला, तेव्हा अणदूर निजामाच्या राज्यात असल्याने त्या कायद्याच्या कक्षेबाहेर होते.

कला आणि इतर ज्ञानशाखा यांची सांगड राजाश्रयातही दिसते. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल असून, पावसाळ्यात ‘नर’ आणि ‘मादी’ या सांडव्यांवरून पाणी कोसळत असताना आतील दालन कोरडे राहते, म्हणजे जलव्यवस्थापन आणि सौंदर्यदृष्टी तेथे एकाच बांधकामात उतरली आहे. हा महाल ज्याच्या काळातील मानला जातो, तो इब्राहीम आदिलशाह दुसरा स्वतः संगीताचा जाणकार होता आणि ‘किताब-ए-नवरस’ या दखनी गीतसंग्रहाचा कर्ताही होता.

आधुनिक विद्यापीठाने ही सांगड सोडवली. हैदराबादेत 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दू ही शिक्षणाची भाषा होती, तर मराठवाडा विद्यापीठ 23 ऑगस्ट 1958 रोजी औरंगाबादेत सुरू झाले आणि उच्च शिक्षण या भागाच्या अधिक जवळ आले. परंतु ‘कला शाखा’ या नावाखाली भाषा, इतिहास, राज्यशास्त्र यांसारखे विषय शिकवले जात असल्याने दिमडीला हात न लावताही कला शाखेची पदवी मिळू लागली. प्रभाकर मांडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी याच विद्यापीठात लोकसाहित्याला अभ्यासविषयाची प्रतिष्ठा मिळवून दिली, तरी तो अभ्यास मुख्यतः संहिता आणि संशोधन यांचा होता.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार महाराष्ट्राने 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने जो आराखडा ठरवला, त्यात मुख्य विषयासोबत ‘मायनर’, म्हणजे दुय्यम विषय, आला आणि तो अन्य विद्याशाखेतून घेण्याचीही मुभा मिळाली. त्याचे मोजमाप श्रेयांकांत होते; एक श्रेयांक म्हणजे एका सत्रातील 15 तासांचे अध्यापन किंवा 30 तासांचे प्रात्यक्षिक. तीन वर्षांच्या पदवीच्या 120 ते 132 श्रेयांकांपैकी मायनरला साधारणपणे 18 ते 20 मिळतात, म्हणजे सुमारे सातवा हिस्सा, आणि वर्षाच्या बारा महिन्यांत मैलारपूरच्या पावणेदोन महिन्यांचा वाटाही जवळजवळ तेवढाच असतो.

हे साम्य योगायोगाचे असले, तरी जुन्या कराराचा अर्थ विचारात घेण्याजोगा आहे, कारण मैलारपूरच्या वाट्याला काळ थोडा येतो, पण त्या काळात मूर्ती पूर्ण येते. जागरणासारखी कला महाविद्यालयात जोडविषय म्हणून शिकवायची, तर तिचे तास कमी असले तरी चालतील. मात्र त्या तासांत वाद्य विद्यार्थ्याच्या हाती असावे, शिकवणाऱ्यांत जाणता वाघ्या असावा आणि जन्म किंवा नवस यांऐवजी शिकणाऱ्याची स्वतःची निवड हाच प्रवेशाचा आधार असावा.