सोळा तास आधी

१ जुलै १९८४. केरळच्या वायनाड जिल्ह्यात, मेप्पाडीच्या वरच्या अंगाला मुंडक्कै येथे दरड कोसळते. १४ माणसे दगावतात. उतारावर चहाचे मळे, मळ्यांत मजुरांच्या चाळी. तिथे चाळीला पाडी म्हणतात. पाडी मळेवाल्याची. काम सुटले की खोली सोडायची. पाडी कुठल्या उताराखाली बांधायची, हे मजुराला कोणी विचारलेले नसते.

३१ ऑगस्ट २०११. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञगट केंद्र सरकारला अहवाल देतो. मेप्पाडी ज्या वैत्तिरी तालुक्यात येते, तो तालुका सर्वांत संवेदनशील श्रेणीत टाकलेला आहे. केरळात अहवालाला कडवा विरोध होतो. महाराष्ट्रातही होतो. अहवाल कागदावर राहतो.

३० जुलै २०१४. सकाळी पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर डोंगर येतो. १५१ मृत्यू. या तारखेकडे पुन्हा यावे लागणार आहे.

८ ऑगस्ट २०१९. मुंडक्कैपासून जवळच, पुत्तुमला येथे दरड. १७ बळी.

६ ऑगस्ट २०२०, रात्र. इडुक्की जिल्ह्यातील पेट्टिमुडी. चहामजुरांच्या चाळी झोपेतच गाडल्या जातात. ७० बळी.

७ ऑगस्ट २०२०. त्याच पावसात मुंडक्कैलाही दरड येते. पण इथे कोणी मरत नाही. कल्पेट्टा येथील ह्यूम सेंटर ही संस्था जिल्हाभर लावलेल्या पर्जन्यमापकांच्या नोंदी रोज गोळा करते. तिने आधीच सावध केले होते, प्रशासनाने लोक हलवले होते, आणि डोंगर रिकाम्या घरांवर उतरला. ही नोंद मला साऱ्या घटनाक्रमात सर्वांत महत्त्वाची वाटते. इशारा कसा द्यायचा आणि मिळाल्यावर काय करायचे, हे दोन्ही या गावाला आणि या जिल्ह्याला ठाऊक होते.

२९ जुलै २०२४, सोमवार, सकाळ. पुत्तुमला केंद्रावर गेल्या २४ तासांत २०० मिलिमीटर पाऊस नोंदला आहे. पाऊस थांबलेला नाही. हवामान खात्याचा वायनाडसाठी ऑरेंज अलर्ट आहे, म्हणजे २४ तासांत ११५ ते २०४ मिलिमीटर.

सकाळी ९च्या सुमारास. ह्यूम सेंटर जिल्हा प्रशासनाला कळवते. त्यांचा हिशेब सरळ आहे. या उतारांवर एकूण पाऊस ६०० मिलिमीटरच्या घरात गेला की दरड येऊ शकते. पाऊस असाच राहिला तर ती वेळ दूर नाही. पहिली दरड कोसळायला अजून सोळा तास आहेत.

दुपारी २. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे वायनाडसाठीचे पत्रक येते. ३० आणि ३१ जुलैसाठी रंग हिरवा. किरकोळ दरडी, मातीची घसरण एवढेच शक्य. केरळचे मुख्यमंत्री पिनराई विजयन दोन दिवसांनी पत्रकारांपुढे हा रंग सांगतील.

एकाच दिवशी एकाच डोंगराविषयी तीन अंदाज: नारंगी, हिरवा आणि एका लहान संस्थेचे मिलिमीटर. २०२० साली या मिलिमीटरांवर विश्वास ठेवून माणसे हलवली गेली होती. या वेळी संपूर्ण वस्ती हलवण्याचा निर्णय होत नाही.

दुपार ते संध्याकाळ. काही कुटुंबे आपणहून नातलगांकडे जातात. बाकीची राहतात. ती का राहिली, असे नंतर अनेकांनी विचारले. हा प्रश्न मला अन्यायाचा वाटतो. उठून जायचे तर खाली कुणाचे तरी घर हवे, जीपला पैसे हवेत, बुडालेली रोजंदारी सोसायची ऐपत हवी. बंगाल-आसामातून मळ्यावर आलेल्या मजुराला मेप्पाडीत नातलग कुठले? ज्यांच्याकडे पर्याय होता त्यांनी तो वापरला. ज्यांच्याकडे नव्हता त्यांना तो देणे, गाड्या लावणे, शाळा उघडणे, मजुरी बुडणार नाही असे सांगणे, हे सरकारचे आणि मळेवाल्यांचे काम होते.

रात्र. पाऊस वाढतो. २९च्या सकाळपासून ३०च्या सकाळपर्यंत ३७२ मिलिमीटर पडणार आहे, सरासरी तासाला साडेपंधरा. दोन दिवसांचे मिळून ५७२. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. जो तुकडा तुटणार आहे तो ८६,००० चौरस मीटरचा. तिथेही इतकाच पाऊस धरला तर ४ कोटी ९२ लाख लिटर. त्यातले काही वाहून जाते, काही मुरते. खाली कातळ, वर मातीचा थर. मधल्या फटींत पाणी भरले की मातीची कातळावरची पकड सुटते.

३० जुलै, मंगळवार, रात्री १च्या सुमारास. माळीणला त्या दिवशी दहा वर्षे पूर्ण होत आहेत. सुमारे १,५५० मीटर उंचीवरून, जिथे पूर्वीही दरड पडली होती त्याच जागेवरून, डोंगर सुटतो. पुंचिरिमट्टम, मुंडक्कै, मग चूरलमला. माती, झाडे, घराएवढे धोंडे नदीच्या पात्रातून खाली येतात.

रात्री १ ते ४. वाचलेले अंधारात एकमेकांना शोधतात. शेजारी मदतीला धावतात. काही जण सुरक्षित वाटणाऱ्या घरांत आसरा घेतात. फोन लागतात, गाड्या निघतात, वाटेत झाडे आडवी पडलेली.

पहाटे ४ नंतर. दुसरी दरड. मदतीला आलेले आणि आसऱ्याला थांबलेले तिच्यात सापडतात. चूरलमलाचा पूल जातो. मुंडक्कैचा रस्ता तुटतो.

सकाळी ६. हवामान खात्याचा रेड अलर्ट येतो. पहिल्या दरडीला पाच तास झाले आहेत.

सकाळ. खाली मलप्पुरम जिल्ह्यात, पोत्तुकलच्या लोकांना चालियार नदीत मृतदेह दिसू लागतात.

३१ जुलै. राज्यसभेत केंद्रीय गृहमंत्री अमित शहा सांगतात, केंद्राने २३ जुलैपासून इशारे दिले होते. मुख्यमंत्री सांगतात, दरडीआधी रेड अलर्ट नव्हताच. दोघेही रंगांविषयी बोलतात. सकाळी ९चा मिलिमीटरांचा निरोप या वादात मागे पडतो.

१ ऑगस्ट, संध्याकाळ. लष्कराच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपचा १९० फुटी बेली पूल उभा राहतो. त्या तुकडीत तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या मेजर सीता शेळके आहेत. अवजड यंत्रे आता मुंडक्कैकडे जाऊ शकतात.

४ ऑगस्टपासून. ओळख न पटलेल्या मृतदेहांचे आणि अवशेषांचे दफन सुरू होते. नावाच्या जागी डीएनए नमुन्याचा क्रमांक. जागा पुत्तुमला येथे, जिथे २०१९ साली दरड आली होती.

ऑगस्टचा मध्य. वर्ल्ड वेदर अॅट्रिब्युशन गटाचा अभ्यास प्रसिद्ध होतो. मानवनिर्मित तापमानवाढीमुळे त्या दिवसाचा पाऊस सुमारे दहा टक्क्यांनी जास्त पडला. जगाचे तापमान १.३ अंशांनी वाढले आहे. पाडीतल्या एका खोलीत राहणाऱ्या, पायी मळ्यावर जाणाऱ्या बाईचा त्यात वाटा किती? तो मोजता येईल का, हीच मला शंका आहे. वरचे ते दहा टक्के मात्र तिच्याच छपरावर पडले.

त्याच दिवसांत सरकारची १०,००० रुपयांची तातडीची मदत वाचलेल्यांच्या खात्यांत जमा होते. काहींच्या खात्यांतून बँक त्यातच कर्जाचा हप्ता कापून घेते. लोक बँकेसमोर आंदोलन करतात, तेव्हा रक्कम परत होते. शासनाने धरलेल्या मृतांचा आकडा बेपत्तांसह पुढे २९८ होतो, आणि वाचलेल्यांच्या कर्जमाफीचा प्रश्न केरळ उच्च न्यायालयात जातो.